हर्निया : पट्टा, टाके की जाळी?

हर्निया झालेला माणूस डॉक्टरांकडे येतो तो बहुधा उशिराच येतो. दुखणे जांघेत असते, दाखवायचे म्हणजे कपडे उतरवायचे, आणि गाठ तर आडवे पडले की आपोआप आत जाते. मग कोणाला कशाला सांगा? लंगोट घट्ट आवळून दिवस काढले जातात. पत्नीलाही वर्ष-वर्ष पत्ता लागत नाही. स्त्रियांची गोष्ट याहून वेगळी नाही. बेंबीपाशी आलेला फुगवटा साडीच्या निऱ्यांखाली झाकून त्या पाणी भरत राहतात, बाजाराच्या पिशव्या उचलत राहतात. ज्या आजाराचा इलाज शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे आणि सरकारी रुग्णालयातही होतो, त्या आजाराने एखाद्या रात्री आतडे अडकून माणूस जावा, याला दुर्दैव म्हणण्यापेक्षा लाजेचा बळी म्हणावे असे मला वाटते.

हर्नियावर शस्त्रक्रियेचे प्रकार कोणते, कोणता कोणाला योग्य आणि काही काळ थांबायचे असेल तर कोणी थांबावे, हे या लेखात सोप्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला आहे. लेख वाचून कोणी स्वतःचे निदान करू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे एवढे कळले तरी पुरे.

हर्निया म्हणजे काय?

आपल्या भाषेत याला अंतर्गळ हा जुना शब्द आहे. आतले बाहेर गळते, म्हणून अंतर्गळ. पोटाची भिंत स्नायू आणि चिवट पडद्यांच्या थरांनी बनलेली असते. सायकलचा टायर एखाद्या जागी विरला की आतली ट्यूब फुगा होऊन बाहेर डोकावते, तसेच येथे होते. भिंत एखाद्या जागी कमकुवत झाली की पोटाच्या आतला पातळ पडदा पिशवीसारखा बाहेर येतो आणि त्या पिशवीत चरबी किंवा आतडे उतरते. उभे राहिले, खोकले, वजन उचलले की फुगवटा दिसतो. आडवे पडले की तो नाहीसा होतो.

सर्वांत अधिक हर्निया जांघेत होतात आणि त्यांत पुरुषांची संख्या फार मोठी असते. त्याला कारण आहे. मूल आईच्या पोटात असताना मुलग्याच्या गोळ्या पोटातून जांघेच्या वाटेने खाली अंडकोशात उतरतात. ती वाट पुढे बुजते, पण ती जागा जन्मभर थोडी दुबळी राहते. पाश्चात्त्य देशांतील एका अभ्यासाचा अंदाज असा की, आयुष्यभरात चार पुरुषांपैकी सुमारे एकाला आणि शंभर स्त्रियांपैकी सुमारे तिघींना जांघेच्या हर्नियासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. याशिवाय बेंबीचा हर्निया आहे, बेंबीच्या वर मधल्या रेषेत होणारा आहे आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या टाक्यांच्या जागी होणाराही आहे. स्त्रियांमध्ये मांडी सुरू होते तेथे, जांघेच्या घडीच्या खाली, एक लहानसा हर्निया होतो. त्याच्याविषयी पुढे स्वतंत्र सांगावे लागेल, कारण दिसायला तो सर्वांत लहान आणि वागायला सर्वांत वाईट.

वजन उचलल्याने हर्निया होतो असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. हमाली करणाऱ्या सर्वांना हर्निया होत नाही आणि टेबलाशी बसून काम करणाऱ्यांनाही तो होतो. मूळ दोष भिंतीच्या दुबळेपणात असतो आणि तो पुष्कळदा घराण्यातून येतो. त्यावर जुनाट खोकला, विडी-सिगारेट, बद्धकोष्ठ, प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवीसाठी कुंथणे, लठ्ठपणा आणि बाळंतपणे यांचा ताण पडतो. म्हणून चांगला डॉक्टर हर्निया तपासताना खोकल्याची आणि लघवीचीही चौकशी करतो. रोग्याला वाटते, हे भलतेच काय विचारतात! पण खोकला तसाच ठेवून केलेली शस्त्रक्रिया म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून केलेला भिंतीचा गिलावा.

अंडकोश सुजला म्हणजे हर्नियाच, असेही नव्हे. त्यात नुसते पाणी भरले असेल तर तो हायड्रोसील. त्याची शस्त्रक्रिया वेगळी. गोळीला पीळ पडला, जंतुसंसर्ग झाला, गाठ आली, तरी सूज येते. हा निवाडा तपासणीनेच होतो. क्वचित सोनोग्राफी लागते.

औषध आणि पट्टा

भिंतीला पडलेले भोक गोळीने बुजत नाही. काढा, लेप, मालिश, आसने यांपैकी कशानेही ते मिटत नाही. मोठ्या माणसाचा हर्निया आपोआप बरा होत नाही, तो सावकाश वाढत जातो. पट्ट्याचे म्हणाल, तर पट्टा भोक बुजवत नाही, फक्त बाहेरून दाब देतो. शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशा एखाद्या वृद्धाला तो डॉक्टरांनी सुचवला तर वापरावा, आणि तोही सकाळी उठण्यापूर्वी, हर्निया आत असताना बांधावा. हर्निया बाहेर असताना वरून पट्टा आवळला तर तो आतड्यावरच आवळला जातो. बाजारात पट्टे सहज मिळतात, म्हणून लोकांना तोच इलाज वाटतो. वर्षानुवर्षे पट्टा बांधल्याने पैसे वाचतात असे वाटते, पण तेवढ्या काळात भोक मोठे होते आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

धोका कशात आहे?

हर्नियात उतरलेले आतडे एखाद्या वेळी परत आत जात नाही. भोकाचा काठ त्याला फासासारखा आवळतो. प्रथम आतड्यातून पुढे जाणारा मार्ग बंद होतो. पोट फुगते, उलट्या होतात, शौच व वारा सरत नाही. मग रक्तपुरवठा बंद होतो आणि काही तासांत तेवढे आतडे सडू लागते. नेहमी आत जाणारी गाठ आत जाईनाशी झाली, ती कडक आणि दुखरी झाली, उलट्या सुरू झाल्या, गाठीवरची कातडी लालसर झाली, तर ती रात्र घरी काढू नये. तेल लावून, उलटे टांगून, कोणा जाणकाराकडून जोराने दाबून ती आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. पाणी, चहा, जुलाब, काहीही पोटात देऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. वेळेवर पोहोचले तर आतडे वाचते. उशीर झाला तर सडलेला भाग कापून दोन टोके जोडावी लागतात. एका दिवसात घरी जाण्यासारखी शस्त्रक्रिया मग जीव वाचवण्याची लढाई होते.

मग हर्निया दिसला की प्रत्येकाने लगेच शस्त्रक्रिया करून घ्यावी का? या प्रश्नाचे उत्तर पूर्वी ‘होय’ असे सरसकट होते. अमेरिकेत जांघेचा हर्निया असलेल्या, पण फारसा त्रास नसलेल्या ७२० पुरुषांचा अभ्यास झाला; तो २००६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांवर नुसते लक्ष ठेवले. थांबलेल्यांमध्ये अचानक फास बसण्याचे प्रमाण वर्षाला हजारात दोनांपेक्षाही कमी निघाले. म्हणजे त्रास नसताना थांबणे हा वेडेपणा नाही. मात्र दोन वर्षांत त्यांच्यातील जवळजवळ पाव लोकांनी दुखू लागल्यामुळे शस्त्रक्रिया मागून घेतली, आणि दहा वर्षांचा हिशेब २०१३ साली पुढे आला तेव्हा हे प्रमाण दोन तृतीयांशांवर गेले होते. थोडक्यात, बहुतेकांची शस्त्रक्रिया टळत नाही, लांबते.

या अभ्यासाकडे बोट दाखवून कोणी निश्चिंत होत असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यात स्त्रिया नव्हत्या. आणि त्यातले पुरुष अडचण येताच रुग्णालय गाठू शकणारे होते. जो माणूस वर्षातले सहा महिने गावी असतो, जेथून तालुक्याचे रुग्णालय दोन-तीन तासांवर आणि शस्त्रक्रिया करणारा सर्जन त्याहून दूर आहे, त्याचे गणित वेगळे. दिवसभर ओझी वाहणाऱ्याचेही वेगळे. अशांनी प्रकृती चांगली आहे तोवर, आपल्या सोयीच्या वेळी, दिवसाउजेडी शस्त्रक्रिया करून घेणे मला शहाणपणाचे वाटते. वय झालेला, हृदयविकाराचा, घरीच असणारा, गाठ लहान आणि सहज आत जाणारी, असा गृहस्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबला तर त्यात काही चूक नाही.

टाक्यांचा काळ

आज होणाऱ्या शस्त्रक्रियेचा पाया इटलीतील पादुआ येथील सर्जन एदुआर्दो बास्सिनी यांनी घातला. १८८४ साली त्यांनी नव्या पद्धतीने पहिली शस्त्रक्रिया केली. हर्नियाची पिशवी बांधून काढून टाकायची आणि मग जांघेच्या मागल्या भिंतीचे थर नीट ओळखून ते खालच्या चिवट बंधापाशी टाक्यांनी शिवायचे, ही त्यांची रीत. त्यापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांचा हर्निया बहुधा परत यायचा. बास्सिनींनी ते चित्र पालटले. त्यांची पद्धत पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभर चालली.

पण तिच्यात एक खोट होती. फाटलेल्या धोतराचे दोन काठ ओढून शिवले तर शिवणीवर ताण येतो आणि धोतर शिवणीच्या कडेनेच पुन्हा फाटते. येथेही दुबळे स्नायू ओढून जवळ आणले की दुखणे अधिक, अंथरूण अधिक आणि हर्निया परत येण्याचे प्रमाणही अधिक. सर्वसाधारण हातांत ते शंभरात दहा किंवा त्याहूनही जास्त जाई.

कॅनडातील टोरंटोचे डॉ. एडवर्ड अर्ल शोल्डाइस यांनी यावर उपाय काढला. दुसऱ्या महायुद्धात हर्नियामुळे सैन्यातून परत पाठवल्या जाणाऱ्या तरुणांवर त्यांनी शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि १९४५ साली केवळ हर्नियासाठी रुग्णालय काढले. मागली भिंत उघडायची आणि पोलादाच्या बारीक तारेने एकावर एक चार थरांत सलग शिवायची, जेणेकरून ताण वाटला जाईल. भूल फक्त त्या जागेपुरती. रोगी शस्त्रक्रियेनंतर टेबलावरून उतरून स्वतः चालत जायचा. ही पद्धत आजही उत्तम मानली जाते. जाळी न वापरता करायच्या पद्धतींत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०१८ सालच्या मार्गदर्शिकेने हिलाच प्रथम पसंती दिली आहे. अडचण एवढीच की ती नीट शिकलेले हात थोडे आहेत.

बिनजाळीच्या पद्धतींत आपल्या पुण्याचेही नाव आहे. पुण्याचे सर्जन डॉ. मोहन देसरडा यांनी रोग्याच्याच शरीरातील वरच्या चिवट पडद्याची एक पट्टी, तिची दोन्ही टोके न तोडता, मागल्या भिंतीच्या जागी शिवण्याची पद्धत काढली आणि २००१ साली ती परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. पट्टी जिवंत राहते, हलते, आणि बाहेरची वस्तू शरीरात ठेवावी लागत नाही. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर या पद्धतीची जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली. तीन वर्षांत दोन्ही गटांत सारखेच, दोन-दोन, हर्निया परत आले. अजून दीर्घकाळाचे आणि मोठे अभ्यास हवे आहेत. परंतु ज्यांना जाळी नको आहे अशांना विचारण्यासारखा हा एक मार्ग आहे.

जाळी

दुबळी भिंत ओढून शिवण्याऐवजी तिला ठिगळ लावले तर? अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी १९५८च्या सुमारास प्लॅस्टिकच्या धाग्याची विणलेली जाळी या कामासाठी आणली. पण ती सर्वसामान्य झाली ती लॉस एंजेलिसच्या आयर्व्हिंग लिक्टेन्स्टाइन यांच्यामुळे. १९८४ पासून त्यांनी प्रत्येक जांघेच्या हर्नियाला जाळी लावण्यास सुरुवात केली आणि १९८९ साली हजार रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. एक ते पाच वर्षांच्या पाहणीत त्यांतला एकही हर्निया परत आला नव्हता.

ही शस्त्रक्रिया समजण्यास सोपी आहे. जांघेत सुमारे अडीच-तीन इंचांचा छेद घेतात. गोळीकडे जाणारी रक्तवाहिन्यांची व वीर्यनलिकेची दोरी अलगद बाजूला करतात, हर्नियाची पिशवी सोडवून आत ढकलतात आणि मागल्या भिंतीवर तळहाताएवढी जाळी पसरून शिवतात; दोरीसाठी तिला एक चीर ठेवलेली असते. स्नायू ओढले जात नाहीत, म्हणून ताण नाही. काही आठवड्यांत शरीराचे तंतू जाळीच्या भोकांतून वाढतात आणि जाळी भिंतीचाच भाग होऊन बसते. सिमेंटच्या स्लॅबमध्ये सळया गाडाव्यात तसे. हे काम कंबरेत सुई देऊन होते, तसेच फक्त त्या जागी भूल देऊनही होते. दमा, हृदयविकार असलेल्या वयस्कर माणसाला ही दुसरी सोय फार मोलाची आहे. तो टेबलावर जागा असतो, सर्जन त्याला खोकायला सांगतो आणि काम पक्के झाले की नाही ते तेथेच पाहतो.

जाळी म्हटली की खर्चाचा प्रश्न येतो, आणि येथे खानदेशातल्या एका सर्जनची हकिगत सांगितलीच पाहिजे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्याकडे येणाऱ्या शेतकरी-मजुरांना परदेशी जाळीची किंमत परवडण्यासारखी नव्हती. साध्या मच्छरदाणीचे कापडही त्याच जातीच्या प्लॅस्टिक धाग्याचे असते, हे ध्यानात घेऊन त्यांनी ते कापड शास्त्रीय रीतीने निर्जंतुक करून वापरले. इतर ठिकाणच्या सर्जनांनीही ते वापरून पाहिले आणि या सर्वांचा अनुभव २००३ साली भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात छापून आला. जाळीच्या तुकड्याचा खर्च अगदीच नगण्य झाला. पुढे आफ्रिकेतील युगांडात ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीची जाळी आणि कंपनीची महाग जाळी यांची रीतसर तुलना झाली; ती २०१६ साली अमेरिकेच्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केली. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एक हर्निया परत आला, महाग जाळीच्या गटात एकही नाही. आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोंडाईच्यासारख्या गावात गरिबाच्या गरजेतून निघालेली कल्पना अशी जगाच्या बाजारात खरी ठरली. याचा अर्थ घरातली मच्छरदाणी कापून डॉक्टरांकडे न्यावी असा अर्थातच नाही! कोणते कापड, किती तापमानाला, कसे निर्जंतुक करायचे हे ठरलेले असते. शिवाय आता भारतीय बनावटीच्या जाळ्याही मिळतात. सांगायचे एवढेच की, जाळी जितकी महाग तितकी शस्त्रक्रिया चांगली, हा समज सोडून द्यावा.

जाळीचे तोटेही सांगितले पाहिजेत, कारण ते पुष्कळदा सांगितले जात नाहीत. जांघेच्या शस्त्रक्रियेनंतर दहा जणांपैकी सुमारे एकाला तीन महिन्यांनंतरही काही ना काही दुखत राहते. त्यातील बहुतेकांचे दुखणे सौम्य असते व काळाने कमी होते, पण थोड्या जणांच्या रोजच्या कामात ते अडथळा आणते. त्याचे खापर केवळ जाळीवर फोडता येत नाही. जांघेतून जाणाऱ्या बारीक नसा दुखावल्या किंवा टाक्यात सापडल्या तरी हे होते, आणि बिनजाळीच्या शस्त्रक्रियेनंतरही होते. क्वचित जाळीत जंतुसंसर्ग होतो, आणि मग ती काढावी लागण्याचीही वेळ येते. मधुमेह ताब्यात नसणे आणि धूम्रपान ही त्याची मोठी कारणे. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरली की निदान महिनाभर आधी विडी बंद झाली पाहिजे.

दुर्बिणीतून

१९९० नंतरच्या काही वर्षांत जांघेच्या हर्नियासाठी दुर्बिणीच्या पद्धती पुढे आल्या. बेंबीजवळ एक आणि खाली दोन, अशी तीन लहान छिद्रे पाडून कॅमेरा व लांब हत्यारे आत घालतात आणि जाळी भिंतीच्या मागून, म्हणजे आतल्या बाजूने पसरतात. पुन्हा सायकलचेच उदाहरण घेऊ. टायर विरला की वरून ठिगळ लावण्यापेक्षा सायकलवाला आतून, टायर आणि ट्यूबच्या मध्ये, जुन्या टायरचा तुकडा घालतो. हवेचा दाबच त्याला जागेवर धरून ठेवतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटातला दाब जाळीला असाच भिंतीशी चिकटवून धरतो. यात दोन उपप्रकार आहेत. एकात पोटाच्या पोकळीतून जाऊन आतला पडदा उघडतात व जाळी ठेवून तो परत बंद करतात. दुसऱ्यात पोकळीत न शिरता थरांमधूनच वाट काढतात. रोग्याच्या दृष्टीने दोहोंत फारसे डावे-उजवे नाही. ज्या सर्जनचा हात ज्यात बसला असेल ती त्याने करावी.

दुर्बिणीचा फायदा कोणाला? दोन्ही जांघांत हर्निया असेल तर त्याच तीन छिद्रांतून दोन्ही बाजूंचे काम होते. पूर्वी समोरून केलेली शस्त्रक्रिया फसून हर्निया परत आला असेल, तर जुन्या व्रणाच्या वाटेला न जाता मागून जाता येते. उलट, पूर्वी दुर्बिणीने केलेला परत आला तर समोरून जावे. हा साधा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याला लवकर कामावर जायचे आहे त्याला दुखणे थोडे कमी राहते. पण बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते, साहित्य महाग असते आणि ही कला शिकायला पन्नास ते शंभर शस्त्रक्रियांचा सराव लागतो असे मानतात. हृदय-फुप्फुसे अशक्त असलेल्याला, प्रोस्टेटची मोठी शस्त्रक्रिया पोटातून झालेल्याला, अंडकोशात उतरलेल्या फार जुन्या, मोठ्या हर्नियाला समोरची उघडी पद्धतच पुष्कळदा बरी. हर्निया परत येण्याच्या बाबतीत तरबेज हातांत दोन्ही सारख्याच. मोठ्या शहरांत आता यंत्रमानवाच्या हातांनी शस्त्रक्रिया करण्याची जाहिरात दिसते. साध्या जांघेच्या हर्नियासाठी वाढीव खर्चाच्या मानाने अधिक लाभ होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. त्यासाठी कोणी कर्ज काढू नये.

स्त्रियांसाठी थोडे वेगळे

मांडीच्या सुरुवातीला होणारा तो लहान हर्निया स्त्रियांमध्ये, विशेषतः वय वाढल्यावर, होतो. त्याचे तोंड अरुंद आणि काठ कडक असतो, म्हणून आतडे अडकण्याचा धोका फार. येथे ‘बघू, थांबू’ हे चालत नाही. तो कळला की लवकर शस्त्रक्रिया करावी. स्त्रीच्या जांघेतील कोणता हर्निया आहे हे बाहेरून ओळखणे कठीण जाते. दुर्बिणीतून मागून पाहिले की सर्व भोके एकदम दिसतात, म्हणून सोय असेल तेथे स्त्रियांसाठी दुर्बिणीची पद्धत सुचवली जाते. पोट फुगून उलट्या होणाऱ्या वृद्ध बाईच्या जांघा पाहिल्याच नाहीत, असे होता कामा नये. आजी लाजेने सांगणार नाही. बरोबर आलेल्या सुनेने किंवा लेकीने डॉक्टरांना आठवण करावी.

बेंबीचा हर्निया बाळंतपणांनंतर पुष्कळ बायकांना होतो. लहान भोक टाक्यांनी बंद करता येते. पण एक सेंटिमीटरहून मोठ्या भोकाला आता जाळी सुचवतात. युरोपातील ३०० रोग्यांच्या एका अभ्यासात (२०१८) एक ते चार सेंटिमीटरच्या भोकांत नुसत्या टाक्यांनंतर शंभरात बारा हर्निया परत आले, जाळीनंतर चार. आणखी मूल हवे असेल आणि त्रास नसेल, तर ही शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर करावी.

सिझेरियन, गर्भाशय काढणे किंवा पोटाच्या इतर शस्त्रक्रियांनंतर जुन्या टाक्यांच्या जागी येणारा हर्निया हे सर्वांत किचकट प्रकरण. येथे भोक एकच नसते, कधी कधी चाळणी झालेली असते, आणि आतडी आतून चिकटलेली असतात. नेदरलँड्समधील २०००च्या अभ्यासात तीन वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर ४३ टक्के, तर जाळीनंतर २४ टक्के हर्निया परत आले. म्हणजे जाळी हवीच, आणि जाळीलाही मर्यादा आहे. फार मोठा हर्निया असेल तर स्नायूंचे थर बाजूने सैल करून मध्ये आणावे लागतात. हे काम ज्याने पुष्कळ वेळा केले आहे अशाच सर्जनकडे, मोठ्या रुग्णालयात करावे. आधी वजन उतरवणे, साखर ताब्यात आणणे यासाठी डॉक्टर दोन-तीन महिने मागत असतील तर ते टाळाटाळ करत नाहीत, असे समजावे.

मुले

बाळाची बेंबी फुगलेली दिसली की आपल्याकडे तिच्यावर नाणे ठेवून पट्टी बांधतात. त्याने काही साधत नाही, उलट कातडीला जखमा होतात. बाळाच्या बेंबीचा हर्निया चार-पाच वर्षांचे होईपर्यंत बहुधा आपोआप मिटतो. जांघेचा मात्र मिटत नाही आणि तान्ह्या बाळात तो अडकण्याची भीती अधिक असते. त्यासाठी ‘मूल मोठे होऊ द्या’ म्हणून न थांबता बालशल्यचिकित्सकास दाखवावे. मुलांत भिंत दुबळी नसते, जन्मापूर्वीची वाट फक्त उघडी राहिलेली असते. म्हणून पिशवी बांधली की काम झाले, जाळी लागत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर

सर्जनला विचारावे : माझा हर्निया कोणत्या जागचा, एका बाजूचा की दोन्ही? मला कोणती पद्धत आणि का? भूल कोणती? जाळी कोणती आणि तिची किंमत किती? अशा किती शस्त्रक्रिया आपण करता? हे विचारणे उद्धटपणा नव्हे. चांगल्या सर्जनला असा रोगी आवडतो. मुंबईत महापालिकेची केईएम, नायर, सायन ही रुग्णालये आणि सरकारी जे. जे. येथे या शस्त्रक्रिया नेहमीच होतात. तारीख थोडी उशिरा मिळते इतकेच. कामगार विमा असेल तर ते कार्ड घेऊन जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का, हे तेथील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. भरती झाल्यावर कागदांसाठी धावाधाव नको.

साध्या शस्त्रक्रियेनंतर रोगी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. पडून राहू नये. त्याच संध्याकाळी चालावे. जे करताना दुखत नाही ते करावे. टेबलावरचे काम आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होते. गोणी, सिलिंडर, पाण्याचे हंडे उचलणाऱ्यांना आपल्याकडे सर्जन साधारण चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. कंपनीत द्यायचे पत्र तेव्हाच लिहून घ्यावे, म्हणजे पगार वाचवण्यासाठी घाई होत नाही. ‘आता जन्मभर वजन उचलायचे नाही’ असा मात्र काही नियम नाही. पालेभाज्या, पाणी, लागल्यास सौम्य रेचक घ्यावे, म्हणजे कुंथावे लागणार नाही. खोकला येताना छेदावर हात किंवा उशी दाबून धरावी.

पहिले काही दिवस अंडकोश सुजतो, निळसर-काळा पडतो. त्याने घाबरून जाऊ नये, तो उतरतो. हर्नियाच्या रिकाम्या जागी पाणी साठून पूर्वीसारखीच गाठ दिसते आणि शस्त्रक्रिया फुकट गेली असे रोग्याला वाटते. तेही पाणी बहुधा काही आठवड्यांत जिरते. परंतु ताप आला, जखमेतून पू आला, लघवी अडली, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा गोळी फार दुखू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. जाळीच्या पाकिटावर तिचे नाव, प्रकार व क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती घरी जाण्याच्या कागदावर लावून घ्यावी आणि तो कागद रेशनकार्डाइतकाच जपून ठेवावा. पुढे कधी त्या जागी काही करायची वेळ आली तर आत काय ठेवले आहे हे नव्या डॉक्टरला त्यावरूनच कळेल.